रात्र हा स्वतंत्र अभ्यासविषय होऊ शकतो का?

नकाशाकार (रात्री २:१०)

नमस्कार. नागपुरातील एका महाविद्यालयात मी भूगोल शिकवतो. पुढील सत्रासाठी कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला घेता येईल असा ऐच्छिक विषय सुचवावा, असे सर्व विभागांना सांगण्यात आले होते. मी ‘रात्र’ हा विषय सुचवला. बैठकीत थोडा हशा झाला, पण एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी घेतलेल्या हरकतीचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. त्यांचे म्हणणे असे की रात्र ही नुसती वेळ आहे. रात्री माणूस झोपतो, त्या झोपेचा अभ्यास वैद्यक करते. तारे दिसतात, त्यांचा खगोलशास्त्र करते. घरफोडी होते, तिचा विचार कायदा करतो. हे सगळे वजा केल्यावर ‘रात्रीचा अभ्यास’ म्हणून शिल्लक काय राहते?

परदेशात या दिशेने काही काम झाले आहे. मरे मेलबिन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७८ साली असे मांडले की माणसाने पूर्वी जशा नव्या भूमी वसवल्या तशीच तो आता रात्र वसवत आहे, आणि विरळ वस्ती, सैल नियम, अनोळखी माणसाला मदत करण्याची वृत्ती ही सरहद्दीवरच्या गावांची लक्षणे रात्रीच्या शहरातही दिसतात. त्यांनी बॉस्टनमध्ये दिवसा आणि रात्री लोकांची परीक्षा घेतली. वाट विचारल्यावर रात्रीचे लोक अधिक आपुलकीने वागले, परंतु रस्त्यात मुद्दाम टाकलेली किल्ली परत पाठवण्यात तेच लोक मागे पडले. पुढे २०१० मध्ये ‘करंट अँथ्रोपॉलॉजी’ या नियतकालिकात रात्रीच्या मानवशास्त्रावर एक आंतरशाखीय लेख आला. मानवशास्त्रज्ञ क्षेत्रकार्य करतात ते बहुधा दिवसाचेच, ही त्यामागची खंत होती.

येथे अनेक व्यवसायांतील सदस्य आहेत, म्हणून विचारतो. आपल्या कामात दिवसाचे ज्ञान रात्री अपुरे पडते, असा अनुभव कोणाला आहे का?

इतवारी_कट्टा

सर, धागा रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी निघाला आहे, म्हणजे आपले क्षेत्रकार्य सुरू झालेच आहे असे धरून चालतो. तिसऱ्या प्रहरी सुचलेल्या विषयांवर सकाळी तर्री-पोहे खाल्ल्यानंतर पुन्हा एकदा विचार करावा, असा आमच्या इतवारीतला जुना दंडक आहे.

जुना_दप्तरखाना

इतिहासाच्या बाजूने उत्तर देतो. रात्रीलाही इतिहास आहे, हे अलीकडच्या काळात ठसवले ते रॉजर एकर्च या अमेरिकन इतिहासकाराने. औद्योगिक काळापूर्वीच्या युरोपातील दैनंदिन्या, न्यायालयीन जबान्या आणि वैद्यकीय ग्रंथ चाळून त्याने असे दाखवले की लोक दोन तुकड्यांत झोपत असत. पहिली झोप, मग मध्यरात्रीच्या सुमारास तास-दीड तास जाग आणि त्यानंतर दुसरी झोप. मधल्या जागेपणी लोक प्रार्थना करीत, गुरांकडे पाहून येत, बोलत बसत. कृत्रिम प्रकाश आणि कारखान्याचे घड्याळ आल्यावर ही पद्धत मोडली, असे त्याचे म्हणणे आहे.

आपल्याकडे हा बदल गिरण्यांमधून आला. मुंबईच्या गिरण्यांत १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे लागले आणि सूर्यास्ताने आपोआप थांबणारे काम थांबेनासे झाले. ओरड इतकी वाढली की १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणावा लागला. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, म्हणजे तिने दोन्ही काळ पाहिले, दिव्यांपूर्वीचा आणि नंतरचा. या गिरणीच्या पाळ्यांनी आसपासच्या वस्त्यांची जेवणाची, पाण्याची, भजनाची वेळ कशी बदलली, हा प्रबंधाचा विषय आहे.

आणि नागपूरकरांनी एक गोष्ट विसरू नये. १९४९ साली सुरू झालेली रात्रीची हवाई टपाल सेवा नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या जोरावर चालत असे. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्रीनंतर नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडायच्या आत विमाने आपापल्या गावी परतलेली असत. शून्य मैलाचा दगड नकाशावर नागपूर मध्यभागी असल्याचे सांगतो, पण देशाला त्या मध्याचा रोजचा उपयोग झाला तो रात्री.

नाडीपरीक्षा

दप्तरखाना काकांनी एकर्चचा दाखला दिला, त्याला थोडी मुरड घालणे आवश्यक आहे. २०१५ मध्ये टांझानियातील हाड्झा, नामिबियातील सान आणि बोलिव्हियातील त्सिमाने या तीन समाजांच्या झोपेचे मोजमाप प्रसिद्ध झाले. यांपैकी कोणाकडेही वीज नव्हती, तरीही मध्यरात्रीच्या ठरावीक जागेचा पुरावा मिळाला नाही. झोपेची सरासरीही सहा-सात तासांच्या आसपासच होती. विशेष म्हणजे त्यांची झोप सूर्यास्तानंतर काही तासांनी सुरू होई आणि रात्रीचे तापमान उतरत जाण्याशी तिचा संबंध दिसत होता. तेव्हा दोन तुकड्यांची झोप ही साऱ्या मानवजातीची नैसर्गिक रीत होती असे म्हणता येत नाही. युरोपच्या लांबलचक हिवाळी रात्रींचा तो परिणाम असू शकतो.

मूळ प्रश्नाबद्दल सांगायचे तर वैद्यकाला रात्र ही निव्वळ वेळ वाटत नाही. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत घड्याळ असते. फळमाशीतील अशा घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रोसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात २००७ साली टाकले आणि २०१९ मध्ये फेरविचार करून ते तिथेच ठेवले. शरीराचे तापमान पहाटे सर्वांत खाली असते, त्याच वेळी लक्षही सर्वांत कमी असते. समृद्धी महामार्गावर पहाटे गाडी चालवणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

तर्कट

सर्वांचे वाचले. जुना_दप्तरखाना यांनी इतिहास सांगितला, डॉक्टरसाहेबांनी शरीरशास्त्र सांगितले आणि दोन्ही आपापल्या जागी उत्तम आहे. पण याने ज्येष्ठ सहकाऱ्यांची हरकतच सिद्ध होते. प्रत्येक शाखेने आपापली रात्र आधीच वाटून घेतली आहे. उद्या कोणी ‘पावसाळा अभ्यास’ काढील, परवा ‘मंगळवार अभ्यास’. विद्यापीठांना नवी नावे लागतात, त्यातला हा एक प्रकार दिसतो.

नकाशाकार

तर्कटसाहेब, पावसाळ्याचा अभ्यास तर होतोच, आणि हवामानशास्त्र, शेती, अर्थकारण व काव्य यांना त्यात एकमेकांची गरज पडते. मंगळवारची गोष्ट वेगळी, कारण मंगळवार आल्याने उजेड जात नाही. मात्र आपली मुख्य हरकत मी मान्य करतो. निरनिराळ्या शाखांची व्याख्याने एका वेळापत्रकात लावली म्हणजे विषय तयार होत नाही.

वॉर्ड_नंबर_नऊ

मी परिचारिका आहे आणि रात्रपाळीबद्दल नाडीपरीक्षा सरांनी जे सांगितले ते खरे असले तरी अर्धे आहे. त्यांनी रात्रीचे शरीर सांगितले, रात्रीचा वॉर्ड सांगितला नाही.

दिवसा वॉर्डात वरिष्ठ असतात, राउंड असतो, विद्यार्थी असतात, प्रत्येक प्रश्नाला विचारायला माणूस असतो. रात्री दोननंतर तिथे रुग्ण, एक-दोन सिस्टर, मावशी आणि व्हरांड्यात सतरंजीवर झोपलेले नातेवाईक एवढेच असतात. त्या वेळेचा सर्वांत अवघड निर्णय औषधाचा नसतो, तर झोपलेल्या डॉक्टरांना उठवायचे की नाही याचा असतो. रुग्णाचे आकडे ठीक असतात, पण तो नेहमीसारखा दिसत नाही. उठवले आणि काही नसले तर बोलणी बसतात, उठवले नाही आणि काही झाले तर त्याहून वाईट. नवीन मुलींना हे आम्ही पाळीवरच शिकवतो, कारण याचे पुस्तक नाही. भंडारा-गोंदियाहून आलेल्या आजीबाई दिवसभर ‘बरं आहे’ म्हणतात आणि रात्री अंधारात सिस्टरला खरे दुखणे सांगतात, हे समाजशास्त्र आहे की वैद्यक, ते तुम्ही ठरवा.

कलमबंद

ताईंचा प्रतिसाद फार मोलाचा आहे. आता कायद्याची बाजू ऐका, म्हणजे गंमत कळेल. घरफोडीच्या गुन्ह्यात सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीचा काळ धरला जातो आणि त्या काळातील गुन्ह्याला शिक्षा अधिक कडक आहे. स्त्रीला अटक करण्यावरचे बंधनही सूर्यास्त ते सूर्योदय असेच आहे. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत मात्र रात्र दहाला सुरू होते आणि सहाला संपते. १९४८ च्या कारखाने कायद्यात स्त्री कामगारासाठी ती संध्याकाळी सातलाच सुरू होई, तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने ती साडेनऊपर्यंत पुढे ढकलली आणि त्यानंतर सकाळी सातपर्यंत स्त्रीच्या संमतीने व सुरक्षिततेची व्यवस्था असेल तर काम करण्याची मुभा दिली. म्हणजे एकाच राज्यात, एकाच दिवशी, कोणाच्या आणि कशाच्या संदर्भात विचारता यावर रात्र किती वाजता पडते ते ठरते.

तानपुरा

कलमबंद यांनी दहाचा नियम आणला, म्हणून राहवत नाही. हिंदुस्थानी संगीतात रागांना प्रहर आहेत आणि भातखंड्यांनी त्या परंपरेला शास्त्राची शिस्त दिली. यमन पहिल्या प्रहरात, बिहाग दुसऱ्यात, दरबारी आणि मालकंस त्यानंतर. पूर्वी मैफली पहाटेपर्यंत चालत, तेव्हा श्रोत्यांना अख्खी रात्र रागांतून ऐकायला मिळे. आता राज्य सरकारने सवलत दिलेले वर्षातले मोजके दिवस सोडले, तर खुल्या मैदानातला ध्वनिवर्धक दहाला बंद होतो आणि मध्यरात्रीनंतरचे राग एक तर बंद सभागृहात किंवा संध्याकाळी साडेआठला गायले जातात. साडेआठचा मालकंस ऐकून श्रोते जेवायला वेळेवर घरी पोहोचतात, हा एक लाभ.

झाडीपट्टी_प्रेमी

तानपुरा दादा, पहाटेपर्यंतची मैफल पाहायची असेल तर वडसा, गडचिरोली, ब्रह्मपुरीकडे या. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके सुरू होतात आणि होळीपर्यंत चालतात. गावात दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असतो, रात्री जेवणे आटोपल्यावर नाटक उभे राहते आणि पडदा पडतो तेव्हा उजाडत आलेले असते. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या अनेकांनी हे नाव प्रथम ऐकले. नाटक रात्रभर का चालते, यालाही साधे कारण आहे. पाहुणे दूरच्या गावांहून येतात आणि जंगलातल्या वाटेने अर्ध्या रात्री परत जाणे शहाणपणाचे नसते, म्हणून खेळच उजाडेपर्यंत लांबवलेला बरा. नाट्यशास्त्राच्या वर्गात नाटकाच्या लांबीचे हे कारण कोणी सांगणार नाही.

सिल्लारीची_वाट

जंगलाचा उल्लेख आलाच आहे, तर पेंचचे सांगतो. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे कृत्रिम उजेडापासून रात्रीचे आकाश जपणारे क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा झोत जमिनीकडे वळवण्यात आला. नागपूरच्या गच्चीवरून जी आकाशगंगा दिसत नाही, ती तेथून दिसते. २०१६ च्या जागतिक प्रकाश-नकाशानुसार मानवजातीच्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांना आकाशगंगा दिसतच नाही.

पण प्रश्न केवळ ताऱ्यांचा नाही. २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात सहा खंडांतील ६२ सस्तन प्रजातींची माहिती एकत्र केली होती. माणसाचा वावर वाढला की प्राणी आपला दिनक्रम रात्रीकडे सरकवतात, असे त्यातून दिसले. जागा वाटून घेता येत नाही, तेव्हा ते वेळ वाटून घेतात. नागपूर-शिवनी महामार्गाखाली प्राण्यांसाठी जे मार्ग बांधले आहेत, तिथल्या कॅमेऱ्यांत वाघासकट अनेक प्राणी आले. आपण त्यांच्यासाठी रात्र शिल्लक ठेवली, एवढेच आपल्या हातून झाले आहे.

मिहान_पिकअप

सिल्लारीची_वाट यांच्याबद्दल आदर ठेवून विचारते. अंधार जपला पाहिजे हे वाक्य ज्यांना रात्री एकटीने चालावे लागत नाही, त्यांच्याच तोंडून अधिक ऐकू येते, असे का? माझी पाळी रात्री संपते. कंपनीची गाडी चौकात सोडते आणि चौकापासून घरापर्यंतचा रस्ता माझा मला चालावा लागतो. त्या रस्त्यावरचा दिवा बंद असला की मी फोन कानाला लावून कोणाशी तरी बोलत असल्याचे नाटक करते. २०१७ च्या कायद्याने मला रात्री काम करण्याची मुभा दिली, चौकानंतरच्या रस्त्याबद्दल मात्र तो काही बोलत नाही.

फिडर_इंजिनिअर

ताई, तुमचा मुद्दा योग्य आहे आणि तांत्रिक बाजूने त्यात थोडी भर घालतो. खाली झोत असलेला, झाकण असलेला दिवा म्हणजे कमी उजेड नव्हे. उघडा पांढराशुभ्र एलईडी डोळ्यांत घुसतो, बाहुली आकसते आणि दिव्याच्या पलीकडे सावलीत कोण उभे आहे ते दिसेनासे होते. झाकलेला, पिवळसर दिवा रस्ता उजळतो आणि आकाशही वाचवतो. दिवे व गुन्हे यांचे नाते मात्र सरळ नाही. न्यूयॉर्कमधील सार्वजनिक वसाहतींत चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ठिकाणी दिव्यांचे मनोरे लावले, तेव्हा रात्रीचे घराबाहेरचे गंभीर गुन्हे लक्षणीय घटले. उलट इंग्लंड आणि वेल्समध्ये दिवे कमी केलेल्या भागांत गुन्हे वाढल्याचे २०१५ च्या अभ्यासाला आढळले नाही. दोन्ही अभ्यास चांगले आहेत. वस्ती, रस्ता आणि रहदारी यांनुसार उत्तर बदलते.

मिहान_पिकअप

त्या अभ्यासांत गुन्हे मोजले आहेत. दिवा बंद आहे म्हणून ज्या मुलीने नोकरीच घेतली नाही, ती कोणत्या रकान्यात येते?

इतवारी_कट्टा

या प्रश्नावर आज विनोद करणार नाही.

धुऱ्यावरचा

पारशिवनी तालुक्यातला शेतकरी आहे. वरचे सगळे वाचले. तारे आले, राग आले, नाटक आले, वाघही आला. ओलित कुठे आहे?

आमच्याकडे शेतीच्या लाइनला वीज आळीपाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात जावे लागते. पौषाच्या थंडीत, पायात चिखल, हातात टॉर्च. मोटर सुरू करून घरी येता येत नाही, कारण बारे फिरवावे लागतात आणि लाइन मध्येच गेली तर पुन्हा सुरू करावी लागते. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, घोणस असते. थकून मचाणीखाली अंग टाकले तर मण्यार असते. रानडुकरांसाठी वेगळी जागल करावीच लागते. आणि सिल्लारीची_वाट यांनी आत्ताच सांगितले की माणसामुळे जनावर रात्रीकडे सरकले. साहेब, जनावर रात्रीकडे सरकले आणि विजेने माणसालाही रात्रीकडेच सरकवले. आता दोघे एकाच वेळी एकाच वावरात आहेत. हा कोणत्या विभागाचा विषय आहे, ते सांगा.

वॉर्ड_नंबर_नऊ

दादांनी मण्यारीचे लिहिले, त्यात महत्त्वाची भर घालते, कारण हे लोकांना ठाऊक नसते. मण्यार बहुतेकदा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावल्याचे जाणवतही नाही. सकाळी पोट दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते आणि घरचे लोक पित्त समजून घरगुती उपाय करत बसतात. दंशाची खूण न दिसताही पापण्या मिटू लागल्या तर थेट दवाखाना गाठावा, कारण पुढे श्वासाचे स्नायू थांबतात. प्रतिविष आणि वेळेवर लावलेला व्हेंटिलेटर या दोहोंनी असे रुग्ण वाचतात.

फिडर_इंजिनिअर

रात्रीच्या पाळीमागचे कारण सांगतो; समर्थन करत नाही. दिवसा आणि संध्याकाळी उद्योग व घरे यांची मागणी चढलेली असते. मध्यरात्रीनंतर मागणी उतरते, पण कोराडी-खापरखेड्यासारखी औष्णिक केंद्रे दिव्यासारखी बंद-चालू करता येत नाहीत. म्हणून शेतीपंपांचा भार रात्रीकडे ढकलला की आलेख सपाट होतो. कागदावर हा निर्णय अतिशय तर्कशुद्ध दिसतो, कारण त्या आलेखाच्या अक्षावर मण्यार नसते. सौरऊर्जेने हे गणित उलटले आहे, कारण आता स्वस्त वीज दुपारी मिळते. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, तिचे सूत्र हेच आहे.

तर्कट

धुऱ्यावरचा यांच्या प्रतिसादाने चर्चा जागेवर आणली. माझी हरकत रात्रीला नव्हती, रात्रीच्या नावाखाली व्याख्यानमाला लावण्याला होती. अभ्यासक्रमाला विषय देऊ नका, प्रश्न द्या. आणि तो असा द्या की कोणत्याही एका विभागाला तो एकट्याने सोडवता येऊ नये.

जुना_दप्तरखाना

तर्कटरावांशी मी सहसा सहमत होत नाही, म्हणून हा दिवस नोंदवून ठेवावा. फक्त इतिहासाला वगळू नका. मुंबईच्या गिरणीत दिवा आला आणि मजुराची रात्र मालकाकडे गेली. शेतात मोटर आली आणि शेतकऱ्याची रात्र भारनियोजनाकडे गेली. या दोन घटना विद्यार्थ्यांनी शेजारी ठेवून वाचाव्यात.

नकाशाकार

सर्वांचे आभार. आज सहकाऱ्यांना सुधारित टिपण दिले. अभ्यासक्रमात एकच प्रश्न ठेवला आहे: पारशिवनी तालुक्यात वावराला पाणी द्यायला माणूस रात्री का जागतो आणि त्याची किंमत कोण मोजतो? अर्थशास्त्राने वीजदर आणि मागणीचा आलेख घ्यावा, प्राणिशास्त्राने साप आणि वन्यप्राण्यांच्या वेळा, विधी विभागाने कामाच्या वेळेचे संरक्षण स्वतःच्या शेतात राबणाऱ्याला का मिळत नाही हे तपासावे, आणि भूगोलाने उपग्रहाच्या रात्रीच्या प्रतिमा. या प्रतिमांत कोराडी झगमगते, महामार्ग दिसतो, पण टॉर्च घेऊन उभा असलेला माणूस दिसत नाही, म्हणून विद्यार्थ्यांना तिथे जावेच लागेल. मिहान_पिकअप ताई, आपल्या रकान्याचा प्रश्न दुसऱ्या सत्रासाठी राखून ठेवला आहे आणि त्याची मांडणी आपण करावी अशी विनंती आहे. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी टिपण वाचले आणि विमा कोण काढणार, असे विचारले. हरकत या पातळीवर आली, ही प्रगतीच म्हणायची.

मिहान_पिकअप

मांडणी करीन, पण बैठक सायंकाळी सातला ठेवू नका. त्या वेळी मी कामावर निघालेली असते. दुपारी चार चालेल.

धुऱ्यावरचा

पोरांना घेऊन या, पण तारीख महाविद्यालयाच्या सोयीने ठरवू नका. रात्रीची लाइन कोणत्या आठवड्यात आहे ते मी आधी कळवीन, त्याप्रमाणे वेळापत्रक लावा. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, काठी आणि चांगला टॉर्च प्रत्येकाकडे हवा. मुली येणार असतील तर धुऱ्यालगतच्या घरी वहिनी आणि आई जाग्या असतील, चहा-पाणी तिथेच होईल. दहा-बाराच्या वर माणसे आणू नका, हरभरा तुडवला जातो.